दुसऱ्या धर्माच्या दारात पहिल्यांदा पाऊल टाकताना

शेजारच्या पारशी घरात नवजोत, म्हणजे मुलाला धर्मात घेण्याचा विधी आहे, ऑफिसमधल्या डिसोझाच्या मुलीचं लग्न चर्चमध्ये आहे, किंवा नांदेडला कामाला आलोच आहोत तर गुरुद्वाऱ्यात जाऊन येऊ असं मनात आलंय. अशा वेळी बहुतेकांना एकच धास्ती असते: आपल्या हातून काही चुकलं तर? मग काही जण दारातूनच परत फिरतात. काही जण 'शेवटी सगळं सारखंच' म्हणत आत शिरतात आणि आपल्या देवळात जे करतात तेच तिथेही करू लागतात. घोटाळे जास्त होतात ते या दुसऱ्या मंडळींकडून.

सगळं सारखं नसतं. नियम पाठ करण्यापेक्षा मी एक प्रश्न विचारतो: या जागेच्या मध्यभागी काय आहे? विठ्ठलाच्या देवळात प्रत्यक्ष देव आहे. त्याला काकड्याला उठवतात, न्हाऊ-खाऊ घालतात, रात्री शेजारती करून निजवतात. गुरुद्वाऱ्यात ग्रंथ आहे, आणि तो पुस्तक म्हणून नाही, हयात गुरू म्हणून विराजमान आहे. मशिदीत कुठली मूर्ती नाही, चित्र नाही. भिंतीतला एक कोनाडा मक्केची दिशा दाखवतो, इतकंच. कॅथलिक चर्चमध्ये वेदीजवळच्या छोट्या पेटीत पवित्र केलेली भाकर ठेवलेली असते आणि शेजारी दिवा जळत असतो. ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये कपाटात हातानं लिहिलेली तोराची, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाची गुंडाळी असते, दर्ग्यात वलीची, म्हणजे मुस्लिम संताची कबर, पारशांच्या अग्यारीत अग्नी. हे एकदा कळलं की डोकं झाकायचं की टोपी काढायची, पाय कुठे करायचे, पाठ कुणाकडे करायची नाही, यातलं निम्मं आपोआप सुचतं.

पायरी १: कुठे आणि कधी जायचं ते ठरवा

अगदीच नवखे असाल तर सुरुवात गुरुद्वाऱ्यापासून करा. तिथे कुणालाही मज्जाव नाही, तुम्ही कोण कुठले हेही कुणी विचारत नाही, आणि काही चुकलंच तर शेजारचा माणूस हसून हातानं खुणावतो.

पारशांच्या अग्यारीत मात्र बिगर-पारशांना प्रवेश नाही. मुंबईतल्या चारही आतश बेहरामना, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या अग्यारींना हे लागू आहे आणि उदवाड्याच्या इराणशाह या आतश बेहरामलाही. फाटकावरची पाटी वाचा, बाहेरून इमारत बघा आणि पुढे चला. पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नका. आपली दारं तरी सगळ्यांना कुठे उघडी होती? नाशिकच्या काळारामासाठी १९३० साली सत्याग्रह सुरू करावा लागला आणि पंढरपूरच्या देवळासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. हाजी अलीच्या दर्ग्यात आतल्या कबरीपर्यंत जायची बायकांची वाट २०१६ मध्ये न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा मोकळी झाली. कुठलंही दार कुणासाठी उघडं आहे ही गोष्ट बदलत असते, म्हणून जाण्याआधी विचारून घेतलेलं बरं.

वेळेचंही तसंच. शुक्रवारी दुपारी मशिदीत जुम्म्याची गर्दी असते, 'बघायला' जायची ती वेळ नाही. चर्चमधल्या रविवारच्या मिसेला, म्हणजे सामूहिक उपासनेला जरूर बसा, पण मग शेवटपर्यंत बसा. मध्येच उठून रंगीत काचा बघत फिरू नका. ज्यूंचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्र पडेपर्यंत असतो. सिनेगॉगला जायचं तर आधी फोन करा आणि फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा. २००८ च्या हल्ल्यात मुंबईतलं ज्यूंचं एक केंद्र लक्ष्य झालं होतं, त्यामुळे दारावरची चौकशी अपमान म्हणून घेऊ नका. आणि हाजी अलीला निघण्याआधी भरतीची वेळ बघा. मोठ्या भरतीला तिथली वाट पाण्याखाली जाते आणि तुम्ही काही तास आतच अडकता.

पायरी २: कपडे आणि खिसे

खांदे आणि गुडघे झाकलेले असले की जवळपास सगळीकडे चालतं. जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकाच्या दारात हाफ पँट आणि बिनबाह्यांच्या कपड्यांवरून पर्यटकांना अडवतात, तेव्हा 'समुद्रावरून थेट आलोय' ही सबब चालत नाही. जमिनीवर मांडी घालता येईल असा पोशाख घाला. मोजे धुतलेले असू द्या. हे सांगायची वेळ यायला नको, पण येते.

मोठा रुमाल किंवा ओढणी पिशवीत असू द्या. गुरुद्वाऱ्यात दाराशी टोपलीत रुमाल ठेवलेले असतात, पण आपला असला की बरं.

खिसे मात्र नीट तपासा. गुरुद्वाऱ्यात तंबाखू, गुटखा, सिगारेट अजिबात नको; खिशात पडलेली पुडीसुद्धा नको. जैन देरासरात कातड्याची वस्तू नेत नाहीत, म्हणजे पट्टा, पाकीट, पर्स, सगळं आलं. खाण्याच्या वस्तू आणि पाण्याची बाटलीही बाहेरच ठेवायची. पाळीच्या दिवसांत देरासरात न येण्याची सूचना बऱ्याच ठिकाणी दारावर लिहिलेली असते. कुणाला ती पटेल, कुणाला नाही, पण तिथे तशी पाटी असते हे आधी माहीत असलेलं बरं.

पायरी ३: डोकं आणि पाय

गुरुद्वाऱ्यात बाई, पुरुष, मूल, सगळ्यांनी डोकं झाकायचं आणि चप्पल जोडाघरात द्यायची. दर्ग्यातही डोकं झाकतात, चप्पल बाहेर. सिनेगॉगमध्ये पुरुषांनी डोक्यावर टोपी घ्यायची, दाराशी छोट्या टोप्या मिळतात. बूट सहसा पायात असले तरी चालतात. चर्चमध्ये नेमकं उलट: पुरुषांनी टोपी काढायची. शहरातल्या चर्चमध्ये बूट घालूनच जातात, पण काही गावांत चपला बाहेर काढतात. पायरीवर चपलांचा ढीग दिसला की तुम्हीही काढा.

जमिनीवर बसताना पाय समोर पसरू नका, विशेषतः ग्रंथसाहिब किंवा मूर्ती समोर असताना. गुडघे दुखत असतील तर मागे भिंतीशी बसा. बऱ्याच गुरुद्वाऱ्यांत वयस्कर मंडळींसाठी खुर्च्या किंवा बाक असतात.

पायरी ४: गुरुद्वाऱ्यात, नीट सविस्तर

महाराष्ट्रातल्या माणसानं एकदा तरी नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबला जावं. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी हे एक. गुरू गोविंदसिंगांचा शेवट १७०८ साली इथेच, गोदावरीकाठी झाला आणि यापुढे ग्रंथच गुरू, हे त्यांनी इथेच सांगितलं. आजची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळात उभी राहिली. शिवाय त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. २०१५ चं मराठी साहित्य संमेलन पंजाबात घुमानला भरलं होतं ते याच नात्यानं.

आत गेल्यावर सरळ ग्रंथसाहिबपुढे जायचं, माथा टेकायचा आणि मागे येऊन बसायचं. माथा टेकायचा नसेल तर हात जोडून थोडं झुकलात तरी कुणी हरकत घेत नाही. समोरच्या पेटीत पैसे टाकणं तुमच्या मर्जीवर. कीर्तन चालू असेल तर ऐकत बसा. अरदासच्या, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या वेळी सगळे उभे राहिले की तुम्हीही उभे राहा.

मग येतो कडा प्रशाद: कणीक, तूप आणि साखर समसमान घेऊन केलेला शिरा. सेवादार बसल्या जागी समोर येतो. दोन्ही हातांची ओंजळ पुढे करायची. एका हातानं घेणं बरं दिसत नाही. तो गरम असतो आणि तुपानं निथळत असतो. खाऊन झाल्यावर तळहात तुपकट होतात, बरेच लोक ते एकमेकांवर चोळून जिरवतात. चादरीला किंवा खांबाला हात पुसू नका. मधुमेह असेल तर 'थोडासा' म्हणा, चण्याएवढा मिळेल. पण अगदी नाकारणं टाळा.

लंगरला पंगतीत बसायचं. कलेक्टर असो की हमाल, सतरंजी एकच. वाढपी 'परशादा जी' म्हणत आला की तो पोळी देतोय असं समजा. तीही दोन्ही हातांत झेलायची. लागेल तेवढंच घ्या, पुन्हा पुन्हा वाढतात, आणि ताटात टाकू नका. जेवल्यावर पैसे विचारू नका, तिथे बिल नसतं. काही करावंसं वाटलं तर भांडी घासायच्या हौदाशी उभे राहा. मुख्य सभागृहात तासभर बसून जेवढं कळतं, त्याहून जास्त मला त्या हौदाशी कळलं.

पायरी ५: काय घ्यायचं आणि काय नाही

आपल्याकडे 'प्रसाद नाकारू नये' हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

कॅथलिक मिसेत शेवटाकडे लोक रांगेनं वेदीकडे जातात. धर्मगुरू पातळ पांढरी चकती देऊन 'ख्रिस्ताचे शरीर' म्हणतात, घेणारा 'आमेन' म्हणतो. ही चकती प्रसाद नाही. ती ख्रिस्ताचं शरीर आहे अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे, आणि ती घेण्याआधी बाप्तिस्मा आणि तयारी लागते. म्हणून इतरांनी रांगेत जायचं नाही. गुडघे बाजूला घेऊन शेजाऱ्याला वाट द्या आणि बसून राहा. काही ठिकाणी छातीवर हातांची फुली करून पुढे गेलं तर धर्मगुरू नुसता आशीर्वाद देतात. तसं चालतं का ते आधी विचारा. मिसेत सगळे उभे राहतील तेव्हा उभे राहा, गुडघे टेकतील तेव्हा नुसतं बसलात तरी चालेल. मध्ये एकदा लोक एकमेकांकडे वळून शांतीच्या शुभेच्छा देतात. आपल्याकडे तिथे चक्क नमस्कार करतात, तेवढा बिनधास्त करा. वसईत मराठी मिसा होतात, सुरुवात तिथून केली तर शब्दही समजतील.

वांद्र्याच्या माऊंट मेरीच्या जत्रेत मात्र, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, सगळेच मेणबत्ती लावतात. मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकत मिळतात. ज्याचा गुडघा दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्याला घर हवंय तो घर. आपल्या नवसांशी इतकी ओळखीची ही गोष्ट आहे की तिथे कुणाला काही शिकवावं लागत नाही.

जैन देरासरात अडचण उलटी होते. दर्शन झालं की आपले लोक पुजाऱ्यापुढे हात पसरतात. पण तिथे वाहिलेलं कुणी खात नाही. तीर्थंकर काही घेत नाहीत आणि देतही नाहीत. भक्त त्याग म्हणून अर्पण करतो, आणि त्यागलेलं परत घ्यायचं नसतं. पाटावर तांदळाची आकृती काढलेली दिसेल: खाली स्वस्तिक, वर तीन ढिगल्या, त्यावर चंद्रकोर. स्वस्तिक म्हणजे जीवाच्या चार गती, म्हणजे चार प्रकारचे जन्म, ढिगल्या म्हणजे सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य, कोर म्हणजे मुक्तांचं स्थान. कुणीतरी मन लावून काढलेली असते ती, पदराचा धक्का लागू देऊ नका. मूर्तीला हात लावायचा नाही. पूजा करणाऱ्यांनासुद्धा आंघोळ, पूजेचे वेगळे कपडे आणि तोंडाला पट्टी लागते.

बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरी मलिद्याच्या विधीला बोलावणं आलं तर अजिबात चुकवू नका. भिजवलेल्या पोह्यांत गूळ आणि ओलं खोबरं, भोवती फळं, आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं प्रार्थना. ही आपलीच माणसं: दिवेकर, पेणकर, राजपूरकर. पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवला आणि शनिवारी तो बंद ठेवला म्हणून गावानं त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. त्यांचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ सालचं, मशीद बंदरच्या बाजूला. पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ हेही सिनेगॉगच, बगदादहून आलेल्या ससून या ज्यू घराण्यानं बांधलेलं, पण पत्ता विचारताना 'लाल देऊळ'च म्हणा, रिक्षावाल्याला तेच कळतं. शब्बाथला गेलात तर पैसे देऊ नका, काही लिहून घेऊ नका, मोबाईल खिशातच राहू द्या. त्या दिवशी हे व्यवहार वर्ज्य असतात, आणि तुमचं पाकीट बघून यजमान अवघडतो.

पायरी ६: मशीद आणि दर्गा एक समजू नका

मशीद ही नमाजाची जागा आहे. दर्गा ही वलीची समाधी, तिथे चादर, फुलं, धागे, नवस, कव्वाली असं सगळं असतं. दर्ग्यात जाणारा मुसलमान मशिदीतही जातो, पण मशिदीत जाणारा प्रत्येक जण दर्ग्याला मानतोच असं नाही. कित्येकांना कबरीपुढे मागणं मागणं मुळीच पटत नाही. त्यामुळे मुस्लिम मित्राला 'आम्हीपण हाजी अलीला मानतो हं' असं कौतुकानं सांगितलंत आणि तो नुसता हसला, तर बुचकळ्यात पडू नका.

माहीमच्या मखदूम अली माहिमींच्या उरुसात डिसेंबरमध्ये मुंबई पोलिसांची चादर वाजतगाजत जाते. सगळ्या धर्मांचे लोक येतात. दर्गा पहिल्यांदा बघायचा तर उरुसाची गर्दी टाळून साध्या दिवशी जा. कबरीकडे पाठ करून बाहेर पडत नाहीत. चार पावलं मागे सरून मग वळा.

मशिदीत जायचं तर ओळखीच्या माणसाबरोबर, नमाजाच्या वेळा सोडून जा. हल्ली राज्यात काही मशिदी 'मस्जिद परिचय' नावानं इतर धर्मीयांना मुद्दाम बोलावतात, ती सगळ्यात चांगली संधी. बायकांसाठी वेगळी जागा प्रत्येक मशिदीत नसते, आधी विचारा. आणि एक नियम पक्का लक्षात ठेवा: नमाज पढणाऱ्याच्या समोरून जायचं नाही. जागा अरुंद असली तर तो शेवटी मान दोन्हीकडे वळवून सलाम फिरवेपर्यंत, म्हणजे नमाज संपेपर्यंत थांबा, दोन-तीन मिनिटांचाच प्रश्न असतो.

पायरी ७: बोलताना

'हे कसं करतात?' असं विचारा. 'तुम्ही हे का मानता?' हा प्रश्न ओळख मुरल्यावरचा. 'आमच्यात पण अगदी असंच असतं' हे वाक्य तर शक्यतो गिळाच.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण बौद्ध विहारात मिळतं. चांगल्या मनानं कुणीतरी म्हणतो, 'बुद्ध म्हणजे विष्णूचाच नववा अवतार ना, मग आपण एकच.' समोरच्याचा चेहरा का बदलला ते त्याला कळत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा देताना बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यातली एक नेमकी हीच गोष्ट खोटी म्हणून नाकारते. जवळीक दाखवायला वापरलेलं वाक्य तिथे दार लावून घेतं. विहारात बुद्धमूर्तीला हळदकुंकू वाहू नका, नारळ फोडू नका, नवस बोलू नका. बुद्ध इथे वर देणारा देव नाही, वाट दाखवणारा आहे. मेणबत्ती, अगरबत्ती, फुलं चालतात. त्रिशरण आणि पंचशील पालीत म्हणतात, माहीत नसेल तर हात जोडून शांत बसा. भेटताना 'जय भीम' किंवा 'नमो बुद्धाय' म्हटलंत तर बरं वाटतं. बुद्धपौर्णिमेला खीर मिळेल, ती आनंदानं घ्या. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलात तर रांगेइतकाच वेळ पुस्तकांच्या स्टॉलवर द्या. येणारी माणसं लांबच्या गावांहून येऊन पिशव्या भरून पुस्तकं नेतात.

फोटोंबद्दल फार सांगत नाही: आधी विचारा, आणि प्रार्थना करणाऱ्या माणसाचा चेहरा टिपू नका.

पायरी ८: घरच्या प्रसंगाला बोलावणं आलं तर

नवजोत बहुधा बागेत, मंडपात होते, त्यामुळे तुम्हाला ती बघता येते. मुलाला किंवा मुलीला सदरा-कस्ती, म्हणजे पवित्र अंगरखा आणि कमरेचा धागा देतात आणि प्रार्थना म्हणतात. वेळेवर जा, कारण मूळ विधी आटोपशीर असतो. नंतर 'जमवा चालोजी' अशी हाक आली की केळीच्या पानावर पात्रा-नी-मच्छी येते. शाकाहारी असाल तर आधी कळवा, पानावर बसल्यावर नको.

पारशी अंत्यविधीला पांढरे कपडे घाला. ठरावीक विधी सुरू झाले की बिगर-पारशांना मृताचं मुख पाहता येत नाही, त्यांना बाजूला वेगळं बसवतात. म्हणून दर्शन घ्यायचं तर लवकर पोचा.

इफ्तारला बोलावलं तर ताट समोर आलं म्हणून लगेच हात घालू नका. दिवसभर पाण्याचा थेंबही न घेतलेली माणसं अजानची वाट बघत शेजारी बसलेली असतात. अजान झाली की आधी खजूर, मग पाणी, मग भजी. त्यानंतर मंडळी मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजाला उठतील. ते परत येतील, जेवण त्यानंतर असतं. तोवर घरी निघू नका.

आता हेच उलट बाजूनं. तुमच्या गणपतीला हे सगळे लोक येतील. आरतीत त्यांनी टाळ्या वाजवल्या तर वाजवू द्या, नाही वाजवल्या तर आरतीचं तबक त्यांच्यापुढे धरून वाट बघत उभे राहू नका. काही मुस्लिम आणि ख्रिस्ती पाहुणे देवाला दाखवलेला नैवेद्य खात नाहीत, आणि पाहुणचार मोडेल म्हणून तसं बोलतही नाहीत. तेव्हा नैवेद्य दाखवण्याआधीच आठ-दहा मोदक वेगळ्या डब्यात काढून ठेवा, आणि देताना तेवढं हळूच सांगा.